कामगाराचे जादा तास आणि मालकाची जकात



रमजानचा शेवटचा अशरा सुरू झाला की नांदेडचा इतवारा आणि देगलूर नाका परिसर रात्ररात्र जागतो. लातुरात गंजगोलाईला येऊन मिळणारे सोळाही रस्ते माणसांनी भरून वाहतात. कापड, पादत्राणे, अत्तर, बांगड्या, शेवया, सुकामेवा अशी सर्व खरेदी तरावीहनंतर सुरू होते आणि सहरीपर्यंत चालते. आपण बायकामुलांसह काउंटरच्या बाहेरच्या बाजूला उभे असतो. आतल्या बाजूला जो उभा असतो, दहावा थान उलगडून दाखवतो आणि अकरावा काढायला पुन्हा शिडीवर चढतो, त्याच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तोही रोजेदार असतो. सकाळी दहा वाजता त्यानेच दुकानाचे शटर उघडलेले असते.

अशाच एका रात्री एक तरुण मशिदीत मागे थांबला. कापडाच्या दुकानात तो मासिक पगारावर सेल्समन आहे. त्याने सांगितलेली हकिकत थोडक्यात अशी : रमजानमध्ये रोज तीन-चार तास जादा काम होते आणि आठवड्याची सुट्टीही बंद असते. गेल्या वर्षी ईदच्या आदल्या दिवशी शेठजींनी एक पाकीट दिले आणि म्हणाले, “ही जकातीची रक्कम आहे, तू गरजू आहेस म्हणून दिली. तुझे रात्रीचे कामही यातच आले असे समज.” तरुणाने मला विचारले, “मौलाना, त्या पाकिटातले पैसे नेमके काय होते? जकात होती, तर माझी मजुरी कुठे गेली? आणि मजुरी होती, तर शेठची जकात अदा झाली का?”

प्रश्न सरळ होता आणि उत्तर मला ठाऊक होते. तरीही त्या रात्री, “पाहू, निवांत बोलू,” असे म्हणून मी ते टाळले. कारण ते शेठजी पहिल्या सफमध्ये माझ्या मागे नमाज पढतात आणि मशिदीच्या चंद्याच्या यादीत त्यांचे नाव मी स्वतः वाचून दाखवलेले आहे. हा लेख त्या टाळलेल्या उत्तराची भरपाई आहे.

मजुरीचा करार आणि त्याच्या अटी

शरीअतमध्ये मोबदला देऊन श्रम किंवा उपयोग घेण्याच्या कराराला ‘इजारा’ म्हणतात. खरेदी-विक्रीत जशी वस्तू आणि किंमत दोन्ही ठरलेली असावी लागते, तसेच येथे काम, वेळ आणि मजुरी ही तिन्ही स्पष्ट असावी लागतात. माननीय अबू सईद खुदरी (रजि.) यांच्या हदीसनुसार मजुरी ठरवून सांगितल्याशिवाय मजुराला कामावर लावण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली आहे. “ये कामावर, बघू काय द्यायचे ते,” हे आपल्या बाजारपेठेतले नेहमीचे वाक्य या मनाईत येते. ते कितीही आपुलकीने म्हटले तरी त्याने फरक पडत नाही.

काम करणाऱ्यांचे फकीहांनी दोन प्रकार केले आहेत. एक ‘अजीर-ए-मुश्तरक’, म्हणजे अनेकांचे काम घेणारा कारागीर, जसा शिंपी किंवा रंगारी. तो काम पूर्ण करून देतो तेव्हा मोबदल्याचा हक्कदार होतो. दुसरा ‘अजीर-ए-खास’, म्हणजे ठरलेल्या वेळेत एकाच मालकासाठी बांधलेला माणूस. दुकानातला सेल्समन, हेल्पर, कॅशियर, गोदामावरचा मुलगा हे सर्व या दुसऱ्या प्रकारात येतात. ‘हिदाया’सारख्या हनफी ग्रंथांत या प्रकाराचा नियम स्पष्ट आहे. असा माणूस ठरलेल्या वेळेत स्वतःला मालकाच्या स्वाधीन करतो, तेव्हाच तो मजुरीचा हक्कदार ठरतो. मग मालकाने त्याला काम सांगितले असो वा नसो.

या नियमाचे महत्त्व दुकानदार बंधूंनी नीट ध्यानात घ्यावे. रमजानमध्ये दुपारी ग्राहक नसतो. पुष्कळ ठिकाणी असे म्हटले जाते, “दुपारभर बसूनच होता, रात्री चार तास उभा राहिला तर काय झाले?” परंतु दुपारी तो बसला होता तो दुकानात, आपल्या घरी नव्हे. त्याची ती वेळ आपण विकत घेतलेली होती. ग्राहक आला नाही हे व्यापाराचे नुकसान आहे आणि व्यापाराचा नफा ज्याचा, नुकसानही त्याचेच. दुपारचे रिकामे तास रात्रीच्या भरलेल्या तासांतून वजा करता येत नाहीत.

माननीय मूसा (अलै.) यांचा करार

जादा कामाचा विषय पवित्र कुरआनात एका अत्यंत सुंदर प्रसंगातून समजतो. माननीय मूसा (अलै.) मिस्रमधून निघून मदयनला पोहोचले. तेथील एका वृद्ध सज्जनाने आपल्या मुलीच्या विवाहासंबंधी बोलताना त्यांच्यासमोर चाकरीचा करार ठेवला. सूरह अल-कससच्या २७ व्या आणि २८ व्या आयतीत त्याचा तपशील आहे. बंधनकारक मुदत आठ वर्षांची ठरली. दहा वर्षे पूर्ण केली तर ती मूसा (अलै.) यांची स्वतःची खुशी असेल, असे त्या सज्जनाने स्पष्ट केले. आपण तुम्हाला कष्टात लोटू इच्छित नाही, असेही ते म्हणाले. मूसा (अलै.) यांनीही दोन्हींपैकी कोणतीही मुदत पूर्ण केली तरी आपल्यावर जबरदस्ती होऊ नये, हे ठरवून घेतले आणि अल्लाहला साक्षी ठेवले.

एका प्रेषिताच्या चाकरीचा हा करार आहे. यात बंधनाची मुदत वेगळी आणि खुशीची मुदत वेगळी ठेवली आहे. त्या दोहोंची सरमिसळ करण्याचा अधिकार मालकाने स्वतःकडे घेतला नाही. माननीय इब्ने अब्बास (रजि.) यांच्या कथनानुसार मूसा (अलै.) यांनी मोठी मुदत पूर्ण केली, परंतु ते त्यांचे औदार्य होते, मालकाची मागणी नव्हती. आपल्या दुकानांत याच्या नेमके उलट घडते. आठ तासांचे दहा किंवा अकरा तास होतात आणि घरी निघालेल्या मुलाला विचारले जाते, “एवढ्यात कुठे निघालास?”

प्रेषित मुहम्मद (स.) यांनीही तरुणपणी मक्कावासीयांची शेळ्यामेंढ्यांची राखण मजुरीवर केली होती. मजुराचे दुःख त्यांना ऐकून नव्हे, स्वानुभवाने ठाऊक होते. म्हणूनच घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची त्यांनी ताकीद दिली. माननीय अबूजर (रजि.) यांच्या हदीसमध्ये हाताखालच्या माणसांना भाऊ म्हटले आहे. त्यांच्यावर शक्तीबाहेर ओझे टाकू नये आणि टाकावेच लागले तर स्वतः मदतीला उभे राहावे, असा आदेश तेथे आहे. आणि बुखारीत आलेल्या हदीस-ए-कुदसीनुसार कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः ज्या तीन माणसांविरुद्ध फिर्यादी असेल, त्यांतील एक तो आहे, ज्याने मजुराकडून काम पुरेपूर घेतले आणि मजुरी दिली नाही. वाचकहो, ज्या खटल्यात न्यायाधीशच फिर्यादी आहे, त्यात वकील कुठून आणणार?

देशाचा कायदा काय सांगतो

ज्या सुट्टीला आज आपण गृहीत धरतो, तीही कुणीतरी झगडून मिळवलेली आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्यातून एक दिवस विश्रांती मिळावी म्हणून सत्यशोधक नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे अर्ज आणि सभा केल्या. १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुट्टी मान्य झाली. गिरणीनंतर दुकानातल्या माणसाची पाळी आली. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याची जागा आता महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ ने घेतली आहे.

या अधिनियमात दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तास ही कामाची मर्यादा ठरवली होती. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांतीची तरतूदही त्यात होती. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी हाही कामगाराचा हक्क आहे. ठरलेल्या तासांपलीकडे काम घेतले तर त्या तासांसाठी नेहमीच्या दराच्या दुप्पट मजुरी द्यावी लागते. वर्षातून आठ सणांच्या पगारी सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार निश्चित आहेत. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी आपसांत ठरवायच्या असतात. या सुट्टीच्या दिवशी काम करून घेतले तर दुप्पट मजुरी आणि शिवाय बदली सुट्टी द्यावी लागते. रात्री साडेनऊनंतर स्त्री कामगाराला तिच्या संमतीशिवाय थांबवता येत नाही. ती थांबली तर तिची सुरक्षितता आणि घरापर्यंतचे वाहन ही मालकाची जबाबदारी आहे.

आपसांत ठरवायच्या या चार सुट्ट्यांविषयी आपल्या बाजारात फार थोड्यांना माहिती आहे. मुस्लिम कामगार हिंदू मालकाकडे असो किंवा हिंदू कामगार मुस्लिम मालकाकडे असो, वर्षारंभी बसून दोन्ही ईद, दिवाळी, पाडवा, आंबेडकर जयंती यांपैकी दिवस ठरवता येतात. वर्षभर गप्प राहून चाँदरातीला रजेसाठी हुज्जत घालण्यापेक्षा डिसेंबरमध्ये एक कागद लिहिणे दोघांनाही सोयीचे आहे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २०१७ च्या अधिनियमाच्या या तरतुदी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ज्या बदलांना मंजुरी दिली, त्यांनुसार ही संख्या वीसवर जाते, दिवसाचे तास नऊवरून दहा होतात आणि तीन महिन्यांतील जादा कामाची मर्यादा १२५ तासांवरून १४४ तासांवर जाते. याचा अर्थ गंजगोलाईतील किंवा वजिराबादमधील चार-सहा माणसांच्या दुकानापर्यंत हा कायदा पूर्वीही पोहोचत नव्हता आणि आता तर पंधरा माणसांचे दुकानही त्याबाहेर राहील.

म्हणून कोणी निश्चिंत होऊ नये. अल्लाहच्या न्यायालयात दहा किंवा वीस माणसांची अट नाही. एकाच मजुराची मजुरी राहिली तरी तो खटला उभा राहतो. जेथे सरकारी निरीक्षक येत नाही, तेथे श्रद्धावंताच्या ईशभयाची खरी परीक्षा असते. सूरह अल-मुतफ्फिफीनच्या आरंभी अशा लोकांचा धिक्कार आहे, जे स्वतः घेताना माप पूर्ण भरून घेतात आणि दुसऱ्याला देताना कमी देतात. आपण ती आयत ऐकतो तेव्हा डोळ्यांसमोर तराजू येतो. पण तास हेही माप आहे. अकरा तास मोजून घेणे आणि आठ तासांचे मोजून देणे ही त्याच रोगाची दुसरी तऱ्हा आहे.

थोडासा हिशेब

समजून घेण्यासाठी एक उदाहरण घेऊ. एखाद्याचा मासिक पगार १५,६०० रुपये आहे आणि महिन्याचे कामाचे दिवस २६ आहेत. दिवसाची मजुरी ६०० रुपये झाली. आठ तासांचा दिवस धरला तर तासाचे ७५ रुपये झाले. रमजानमध्ये त्याने वीस दिवस रोज तीन तास जादा काम केले, म्हणजे ६० तास झाले. साध्या दराने त्याचे ४,५०० रुपये होतात आणि दुप्पट दराने ९,००० रुपये. बुडालेल्या साप्ताहिक सुट्ट्या यात धरलेल्या नाहीत. त्यांच्या बदल्यातील रजा वेगळी देणे आहे.

आता त्या मुलाच्या घराकडे पाहा. नऊ हजार रुपये म्हणजे मुलांचे ईदचे कपडे, आईची औषधे, दोन महिन्यांचे खोलीभाडे. ही रक्कम आपल्या तिजोरीत राहिली तर आपल्याला बहुधा तिची जाणीवही होत नाही. मात्र त्याच्या घरात तिची उणीव रोज जाणवते.

जकात, ईदी आणि मजुरी

आता त्या तरुणाच्या मूळ प्रश्नाकडे वळू. जकात ही मालदाराच्या संपत्तीतील गरजूचा हक्क आहे. ती कोणत्याही मोबदल्याविना दिली पाहिजे. मजुरी हे मालकावरचे कर्ज आहे. स्वतःवरचे कर्ज जकातीच्या रकमेतून फेडले तर ती रक्कम आपल्याच फायद्यासाठी वापरल्यासारखी होते आणि जकात अदा होत नाही.

‘फतावा आलमगिरी’मध्ये या प्रकारचा प्रश्न आला आहे. सणाच्या दिवशी नोकरांना जकातीच्या नियतीने काही दिले तर काय? त्याचा निष्कर्ष असा निघतो की नोकर गरजू असेल आणि ती रक्कम त्याच्या कामाच्या बदल्यात नसेल, म्हणजे ती दिली नसती तरी त्याने ते काम केलेच असते, तर जकात अदा होते. कामाचा मोबदला म्हणून दिली तर होत नाही. यावरून त्या पाकिटाविषयीचे उत्तर निघते. “तुझे रात्रीचे कामही यातच आले,” या एका वाक्याने शेठजींनी स्वतःची जकात बिघडवली. ती रक्कम मजुरीत गेली, जकात त्यांच्यावर तशीच शिल्लक राहिली आणि मजुरीची जी रक्कम कमी पडली तीही शिल्लक राहिली.

योग्य पद्धत अशी : प्रथम मजुरीचा संपूर्ण हिशेब चुकता करावा. त्यानंतर तो कामगार जकातीस पात्र असेल तर वेगळी जकात खुशाल द्यावी, आणि उपकाराचा शब्द न काढता द्यावी. ईदी, मिठाई, कपड्याचा जोड यांनाही हाच नियम लागू आहे. त्या भेटी आहेत. भेटीने प्रेम वाढते, पण कर्ज फिटत नाही.

काही शंका

“शरीअतमध्ये दुप्पट दर कुठे आहे?” असे एका व्यापारी बंधूने विचारले. जादा श्रमाचा मोबदला शरीअतनेच बंधनकारक केला आहे. दर ठरला नसेल तर ‘उजरत-ए-मिस्ल’, म्हणजे तशा कामाला बाजारात जो रास्त दर आहे तो, द्यावा लागतो. दुप्पट दर कायद्याने ठरवला आहे. ज्या आस्थापनेला तो कायदा लागू आहे, तिच्या नोकरीच्या करारात ती अट आपोआप समाविष्ट होते, कारण जे प्रचलित व सर्वज्ञात आहे ते ठरवलेल्या अटीसारखेच असते, असा फिक्हचा नियम आहे. आणि मुसलमान आपल्या अटींना बांधील असतात, हे प्रेषितवचन आपण जाणतोच. लहान दुकानदाराने किमान रास्त दर तरी द्यावाच. रात्रीच्या कामाला बाजारात कोणी दिवसाच्या दराने तयार होत नाही, हे आपणही जाणतो.

“तो स्वखुशीने थांबतो,” असेही म्हटले जाते. खुशीची कसोटी सोपी आहे. तो नाही म्हणाला असता तर दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी राहिली असती का? उत्तर ‘नाही’ असेल तर ती खुशी नव्हती. आणि खरोखर खुशीने थांबला तरी ती खुशी काम करण्याची होती, मजुरी सोडून देण्याची नव्हती.

“कामगार मुस्लिम नसेल तर?” हा प्रश्न विचारावा लागू नये, पण विचारला जातो. मजुरीचा हक्क माणसाचा आहे. एखाद्या समूहाशी वैर असले तरी त्यामुळे न्याय सोडू नका, अशी सूरह अल-माइदाची आज्ञा आहे. मग जो माणूस आपल्या दुकानात आपल्याच भरभराटीसाठी राबतो, त्याच्याविषयी काय बोलावे? उलट आपल्या रमजानसाठी रात्री जागणाऱ्या हिंदू-बौद्ध बंधूंशी आपण कसे वागतो, यावरून ते इस्लामची पारख करणार आहेत. आपल्या हजार भाषणांपेक्षा पगाराच्या दिवशीचे आपले वर्तन त्यांना अधिक सांगते.

“मागील वर्षांचे काय करावे?” केवळ तौबा पुरेशी नाही. माणसांचे हक्क माणसांनाच परत करावे लागतात किंवा त्यांच्याकडून मनापासून माफ करून घ्यावे लागतात. कामगार सोडून गेला असेल तर शोधावा. तो वारला असेल तर वारसांना द्यावे. कसून शोधूनही कोणी सापडले नाही तर त्याच्या वतीने ती रक्कम दान करावी, आणि पुढे तो भेटला व त्याने मागितली तर देण्याची तयारी ठेवावी.

कामगार बंधूंसाठी

न्याय एकतर्फी नसतो. अजीर-ए-खासची वेळ ही मालकाची अमानत आहे. फर्ज नमाज आणि सुन्नत-ए-मुअक्कदा यांसाठी त्याला वेळ मिळाला पाहिजे. जुम्याच्या अजाननंतर खरेदी-विक्री सोडण्याची कुरआनची आज्ञा मालक आणि नोकर दोघांनाही आहे. परंतु कामाच्या वेळेत नफिल नमाज पढण्यासही फकीहांनी अनुमती दिलेली नाही. मग त्या वेळेत मोबाइल पाहत बसणे कसे चालेल? ग्राहकासमोर मालाचा दोष लपवणे, नातेवाइकांना परस्पर सूट देणे, उशिरा येऊन वेळेवर आल्याचे सांगणे हीदेखील मापातील घटच आहे.

आपले तास रोज एका लहान वहीत लिहून ठेवावेत. हिशेब मागणे हा उद्धटपणा नाही. पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत देण्याघेण्याच्या लेखी नोंदीविषयीच आहे. मागताना अदब राखावी. तरीही न्याय मिळाला नाही तर सरकारी कामगार कार्यालयात दाद मागणे शरीअतविरुद्ध नाही.

शेवटी

बुखारी शरीफमध्ये गुहेत अडकलेल्या तिघांची कथा आहे. दरड कोसळून गुहेचे तोंड बंद झाले, तेव्हा प्रत्येकाने आपल्या एकेका निर्मळ कृत्याचा हवाला देऊन दुआ मागितली. तिसऱ्याचे कृत्य हे होते की, एक मजूर आपली मजुरी न घेताच निघून गेला होता. याने ती मजुरी व्यापारात लावून वाढवली आणि तो अनेक दिवसांनी परतला तेव्हा वाढलेली सर्व गुरेढोरे त्याच्या हवाली केली. त्या दुआनंतर उरलेली दरडही सरकली. विचार करा, संकटसमयी अल्लाहसमोर मांडण्यासाठी त्या माणसाजवळ एका मजुराची सांभाळलेली मजुरी होती. आपल्याजवळ काय आहे?

त्या तरुणाला मी उत्तर दिले. नंतर धीर करून शेठजींच्या दुकानातही गेलो. त्यांच्याकडे सहा माणसे आहेत, म्हणजे कोणताही निरीक्षक त्यांना हे विचारणार नव्हता. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाले, “मौलाना, इतकी वर्षे तुमच्या मागे नमाज पढतो. तुम्ही हे मिंबरवरून कधी सांगितले नाही.” माझ्याजवळ याला उत्तर नव्हते. गेल्या रमजानचे जादा तास त्यांनी सहाही जणांना विचारून वहीत उतरवले आणि रक्कम दिली. त्याआधीच्या वर्षांचा हिशेब सुरू आहे. चंद्याची यादी वाचणाऱ्या प्रत्येक इमामाने एकदा हा विषयही जुम्याच्या भाषणात घ्यावा, ही माझी आलिम बंधूंना नम्र विनंती आहे.

अल्लाह आपल्या कमाईला हलाल आणि आपल्या जकातीला मान्यता प्रदान करो, आणि कोणत्याही मजुराचा हक्क गळ्यात घेऊन आपल्याला त्याच्यासमोर उभे राहावे लागू नये. आमीन.